मशीनला टेकवलेली खुर्ची

स्पार्क्स, नेवाडा
१४ जून १९९९

प्रिय अर्डिथमावशी,

आधी खाली बस. चष्मा लाव. हातात कॉफी असेल तर बाजूला ठेव, नाहीतर टेबलक्लॉथवर सांडेल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल. मी लग्न करतेय.

हो, मीच, डार्ला. एकेचाळीस वर्षांची घोडनवरी. तू म्हणायचीस ना, ही पोरगी शेवटी एखाद्या स्लॉट मशीनशीच संसार करणार? थोडक्यात हुकलं बघ. त्याचं नाव पीट एचेव्हेरी. बास्क आहे, मूळचा स्पेनकडचा, आजोबा मेंढ्या घेऊन डोंगरात फिरायचे. रीनोत रेल्वेरुळांपलीकडे त्याची खानावळ आहे, लांबच लांब टेबलांची. ओळख असो नसो, सगळे खांद्याला खांदा लावून बसतात आणि एकाच भांड्यातलं मटणाचं कालवण वाढून घेतात. कॅसिनोतल्या कामाची पाळी संपली की मी तिथे जेवायला जाते. दिवसभर जुगाराची मशीनं उघडायची, अडकलेली नाणी काढायची, म्हणजे बोटं कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी काळी. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या ताटाशेजारी लिंबाची फोड आणून ठेवली. मी बोटं चोळली, स्वच्छ झाली, आणि त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही.

लग्न नऊ ऑक्टोबरला, त्याच्याच खानावळीत. मला भेट नको, रजई नको (शिवायला घेतली असशील तर मात्र थांबवू नकोस). मला एकच हवंय. तू आणि आई शेजारी शेजारी बसलेल्या दिसायला हव्यात. लहानपणीच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या एलीला तुझ्याकडे गेल्या. गुडघे फुटले ते तुझ्या अंगणात, पोहायला शिकले ते हॅरल्डकाकांकडून. तुम्हां दोघींपैकी एकच समोर असेल तर ते अर्धंच लग्न झालं म्हणायचं.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, तीही कुरकुरते. तुझं नाव काढलं की भांडी जोरात घासते.

तुझी,
डार्ला

*

एली, नेवाडा
२७ जून

लाडके डार्ला,

कॉफी सांडलीच. टेबलक्लॉथ भिजत घातलाय.

हॅरल्ड तर राहिला नाही, म्हणून अंगणात जाऊन त्याच्या सफरचंदाच्या झाडाला ही बातमी सांगून आले. मला येडी म्हण हवं तर. ज्या माणसाला न सांगता लिंबाची फोड सुचते, त्याला सोडू नकोस. माझ्या हॅरल्डला खाणीतून आल्यावर बूट बाहेर काढायला सांगण्यात माझी पंचवीस वर्षं गेली.

रजईचं निळं कापड आणलंय. ती टपालानं येईल. मी येणार नाही.

का, ते तुला माहीत आहे, पण तू आईचीच बाजू ऐकली असशील. म्हणून एकदा माझी ऐक. अकरा वर्षांपूर्वी माझा वाढदिवस होता. आमच्या ज्येष्ठांच्या क्लबची बस रीनोला निघाली होती, तुझ्याच कॅसिनोत; तुझी त्या दिवशी रजा होती. कॅसिनोवाले बसभाडं द्यायचे, वर फुकट नाण्यांची एक पुडी आणि जेवणाचं कुपन. तुझी आई, लवॉन, मला तिथेच भेटली. सकाळपासून मी एकाच मशीनवर होते, पंचवीस सेंटवाल्या, लाल सातांच्या. लाल सात जिंकायच्या रेघेच्या जरा वर येऊन थांबायचा, जरा खाली थांबायचा. नुसता घिरट्या घालत होता. मशीन पिकलं होतं, डार्ला. दुपारी मला टॉयलेटला जावं लागलं. मी रीतीप्रमाणे खुर्ची पुढे कलती करून मशीनला टेकवली आणि तिच्यावर माझा नाण्यांचा पेला ठेवला. कलती खुर्ची म्हणजे जागा भरलेली, हे नेवाडात शेंबड्या पोरालाही कळतं. लवॉनला म्हटलं, "सांभाळ गं, लगेच येते."

तिनं कसं सांभाळलं ते अख्ख्या रीनोनं पाहिलं. बसल्या जागेवरून माझ्याच मशीनमध्ये स्वतःची तीन नाणी टाकली, दांडा ओढला, आणि एका रेघेत तीन लाल सात, सगळ्यांत मोठं बक्षीस. मी सकाळपासून ज्याला खाऊ घातलं, ते तिच्या पहिल्या हाकेला धावलं.

तर असं आहे. तिच्या शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला तरी बसव.

इथे किराणा दुकानात दाराशी चार मशीनं आहेत, त्यातलं कोपऱ्यातलं आता पिकत आलंय. रोज दूध आणायला जाते तेव्हा थोडं टाकते. माझं येणं कधीतरी वसूल होईलच.

तुझी मावशी,
अर्डिथ

*

स्पार्क्स
११ जुलै

प्रिय मावशी,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग किराणा दुकानाशी पोचल्यावर हसू थांबलं. पिकत आलंय? मशीन काय आंबा आहे?

चौदा वर्षं मी मशीनं उघडतेय, तेव्हा आज माझं ऐक. मशीनच्या पोटात एक चिप असते. ती दिवसरात्र आकडे काढत असते, सेकंदाला शेकड्यांनी. समोर कुणी असो नसो, तिला फरक पडत नाही. तू दांडा ओढलास की त्या क्षणी जो आकडा निघाला, तोच तुझं नशीब. चाकं नंतर फिरतात. ती तुला नुसती बातमी सांगायला फिरतात, निकाल आधीच लागलेला असतो. पुढच्या वेळी पुन्हा नवा आकडा. तू आधी किती टाकलंस, सकाळपासून बसलीस की आत्ता आलीस, तुझा वाढदिवस आहे का, हे त्या मशीनला ठाऊक नसतं. त्याला काहीच आठवत नाही.

म्हणजे बघ. आईनं पापणी लवण्याइतका उशीर केला असता तर तिलाही काही मिळालं नसतं. आणि तू वेळेत परत येऊन तोच दांडा ओढला असतास, तर तुझा क्षण वेगळा, आकडा वेगळा. ते तीन सात तुझे नव्हतेच, मावशी. तसे तर आईचेही नव्हते, पण ते पैसे घराच्या छपरात गेले, तेव्हा आता कुणी मागू नये.

आणि तो घिरट्या घालणारा लाल सात! चाकावर तुला बावीस जागा दिसतात, पण चिपच्या हिशेबात जागा त्याच्या तिप्पट. त्यातली लाल साताच्या वाट्याला एखादीच, आणि त्याच्या वरच्या नि खालच्या कोऱ्या जागांना मुद्दाम जास्त. म्हणून तो सारखा दारात येतो आणि आत येत नाही. तुला वाटतं, थोडक्यात हुकलं. तसं वाटावं म्हणूनच ते केलेलं आहे. मालकाला तुझा हरलेला एक डाव नको असतो, त्याला तू खुर्चीवर हवी असतेस.

मशीन काही लबाडी करत नाही. शंभर डॉलर टाकले तर आमचं मशीन सरासरी पंच्याण्णव परत देतं. मग कॅसिनोच्या झुंबरांचं भागतं कसं? तर ते पंच्याण्णव कुणी खिशात घालून घरी नेत नाही. पुन्हा टाकतात. त्यातले नव्वद परत येतात, तेही टाकतात. चाळणीतून पाणी उपसल्यासारखं. वर नाणी पडायचं ताट मुद्दाम पातळ पत्र्याचं असतं, एकानं जिंकलेली चार नाणी पन्नास जणांना ऐकू जावीत म्हणून. हरण्याचा आवाज होत नाही. भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही, वाटा अशा वाकड्या काढलेल्या की दार शोधायला निघालेला माणूस मशीनांमध्येच येऊन पोचावा. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दोनदा हरवले होते. तुमच्या क्लबची ती फुकट बस आणि फुकट पुडी कशासाठी होती, ते आता तूच सांग.

किराणा दुकानातलं मशीन तर याहून हावरट. ते आमच्यापेक्षा बरंच जास्त ठेवून घेतं, कारण लोक तिथे खेळायला नाही, दुधाला येतात आणि सुटे टाकून जातात. तुझ्या पेन्शनवर दुकानदाराचं घर बांधून देऊ नकोस. दूध घे आणि सरळ घरी जा.

आता तरी राग जाऊ दे. ज्याच्यावरून भांडलात ते तुझं नव्हतंच, तर ते हिसकावून घेतलं कुणी?

पीटनं तुझ्यासाठी टेबलाचं खिडकीकडचं टोक राखून ठेवलंय. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तुझीच,
डार्ला

*

एली
२ ऑगस्ट

डार्ला,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुला सगळं समजतं, मशीनच्या पोटातलं. माझ्या पोटातलं समजलं नाही.

किराणा दुकानाचं ऐकलं. आता दूध जेरीकडून मागवते. म्हणजे शेजारचा, ट्रकवाला. त्याबद्दल आभार.

पण मी काय त्या सातांवर रुसले होते? अगं, लवॉनला मिळाले याचा मला आनंदच झाला असता. पहिला क्षणभर झालाही. सांगते. त्या टॉयलेटमधून मी बाहेर पडले ती भलत्याच दारानं, जेवणाच्या हॉलकडच्या. मग भटकत राहिले. सगळीकडे सारखीच मशीनं, सारखेच दिवे. घंटा ऐकू येत होती, कुणाचं तरी नशीब उघडलं म्हणत मी आवाजाच्या रोखानं गेले आणि गर्दीच्या मागून पोचले. मला लवॉनची पाठ दिसली. दोन्ही बाजूंना सूटवाले, हातात दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक, समोर फोटोवाला. सगळे टाळ्या वाजवत होते. मी पण वाजवल्या, गंमत बघ. मला वाटलं, आता ही मान वळवील, मला शोधील, "माझी बहीण कुठेय" म्हणेल. वाढदिवस माझा होता. खुर्ची माझी होती. लहानपणी एक आइस्क्रीम दोघींत खाल्लेल्या आम्ही. फोटोत मला शेजारी उभं करावं एवढंच.

तिनं मागं वळून पाहिलं नाही. बराच वेळ उभी राहिले, तरी नाही. मग मी बसमध्ये जाऊन बसले. सुटायला तासभर होता. ती बसपाशीही आली नाही.

आठवड्यानं अर्ध्या पैशांचा चेक आला. पाकिटात एक ओळ नव्हती. मी तो परत पाठवला, मीही ओळ लिहिली नाही.

तेव्हा तू म्हणतेस ते खरं, मशीनला काही आठवत नाही. मला आठवतं.

रजई अर्धी झालीय. तुझ्यावर राग नाही.

मावशी

*

स्पार्क्स
२१ सप्टेंबर

प्रिय मावशी,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळेना. तुझं पत्र आलं त्या दिवशी माझीच मला लाज वाटली. तू रडत होतीस आणि मी तुला चिप समजावत बसले. माफ कर.

आईला मी विचारलं. सरळच विचारलं, "मावशीला शोधलं का नाहीस?" तिनं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "न सांगता निघून गेली ती. तिलाच विचार." आणि पुन्हा घासायला लागली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तुम्हां दोघींनाही हे लागू.

इकडे कामावर उलथापालथ चाललीय. जुनी मशीनं काढून नवी पडद्याची आणताहेत. तुझं लाल सातांचं मशीनही गेलं, मीच त्याचे स्क्रू काढले. आत काही नव्हतं, मावशी, तारा आणि धूळ. त्याच आठवड्यात रोखपालाच्या खिडकीजवळची जिंकणाऱ्यांच्या फोटोंची भिंत पाडली. आईचा फोटो कचऱ्याच्या गाडीत जात होता, तो मी उचलला. आई म्हणाली, मला नको. म्हणून तुला पाठवतेय. तुला नको असला तर चुलीत घाल.

फोटो काही खास नाही. इतकी वर्षं मी त्याच्याखालून ये-जा केली आणि दर वेळी वाटलं, फोटोवाल्यानं हा फेकून दुसरा का काढला नाही. आई कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. भलतीकडेच नजर, तोंड अर्धवट उघडं. शेजारचा एक सूटवाला हसतोय, पुठ्ठ्याचा चेक एकट्यानं तोलतोय, आणि आईनं छातीशी काहीतरी कवटाळून धरलंय, पर्स असेल. एवढं जिंकलेली बाई इतकी बावरलेली मी दुसरी पाहिली नाही. निदान एवढं तरी तुला दिसेल की ती तिथे मिरवत नव्हती.

ये असा आग्रह आता करत नाही. मी तुला ओढून आणली आणि तू टेबलाशी तोंड फिरवून बसलीस, तर ते तिघींनाही जड जाईल. पण खिडकीकडचं टोक मी अजून कुणाला दिलेलं नाही.

तुझी,
डार्ला

*

एली
३० सप्टेंबर

डार्ला,

ती पर्स नाही. हॅरल्डचं टपाल तिकिटं बघायचं भिंग लावून पाहिलं. तो माझा पेला आहे. त्याला लाल लोकर बांधलेली दिसते, ती मीच बांधली होती, दुसऱ्या कुणाच्या पेल्यात मिसळू नये म्हणून. लवॉननं तो छातीशी धरलाय आणि वरून तळहात झाकण घातल्यासारखा ठेवलाय. एवढ्या गर्दीत एकही नाणं कुणी काढू नये म्हणून.

आणि ती भलतीकडे बघत नाहीये. कॅमेऱ्याच्या डावीकडे टॉयलेटचं दार होतं. मी आत गेले ते दार. ती त्या दाराकडे बघतेय. मी बाहेर आले ते दुसऱ्याच दारानं.

जेरीला रीनोला माल न्यायचाच आहे, त्याच्या ट्रकमधून येते. लवॉनला सांगू नकोस. मला धीर झाला नाही तर मी रस्त्यातूनच परत फिरेन, आणि तिनं पुन्हा दाराकडे बघत बसावं असं मला वाटत नाही.

मावशी

*

स्पार्क्स, लवॉनच्या स्वयंपाकघरातून
१७ ऑक्टोबर

लाडके डार्ला (आणि लाडक्या पीट, तूही वाच),

तुमच्या मधुचंद्राला तिकडे समुद्रावर पाऊस आहे म्हणे. बरं झालं, खोलीत बसा आणि आमची पत्रं वाचा. मी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत इथेच राहणार असं ठरलंय. ठरलंय म्हणजे लवॉननं माझी बॅग पलंगाखाली ढकललीय आणि गुडघ्यामुळे तिला ती परत काढता येत नाही. माझं कंबरडंही वाकत नाही. तेव्हा राहिलेच.

तू मला तीनदा विचारलंस, "मावशी, लग्नाच्या दिवशी नेमकं काय झालं?" तू तेव्हा आत होतीस, पीटची आई तुझ्या केसांत पिना खोचत होती. बाहेर आलीस तेव्हा आम्ही दोघी पाव मोडत बसलो होतो, आणि तू सगळ्यांदेखत भोकाड पसरलंस. नव्या नवरीला शोभत नाही ते. आता काय झालं ते सांगते.

जेरीनं मला दारात सोडलं. आत तुझे ते सगळे बास्क खांद्याला खांदा लावून बसलेले, गोंगाट असा की माझे पाय मागे यायला लागले. खिडकीकडच्या टोकाला लवॉन होती, माझ्याकडे पाठ करून. आणि तिच्या शेजारची खुर्ची पुढे कलती करून टेबलाच्या कडेला टेकवलेली. मी बघतच राहिले. दारातल्या पोरीला विचारलं, तिथे कोण बसणार आहे. ती पीटची मामेबहीण निघाली. म्हणाली, "कुणास ठाऊक. नवरीच्या आईनं सकाळी आल्याआल्याच ती तशी केलीय. माझे बाबा बसायला गेले तर तिनं त्यांच्या हातावर चापट मारली."

तू शब्द पाळलास हे मी मान्य करते. तिला कुणी काहीच सांगितलं नव्हतं, हे तिनं नंतर शपथेवर सांगितलं. "मग खुर्ची कशाला ठेवलीस?" मी विचारलं. "कशाला म्हणजे? तू आली असतीस आणि जागा नसती तर?" हे तिचं उत्तर.

आणखी एक. अकरा वर्षांपूर्वी त्या कॅसिनोत तिनं मला शोधलं का नाही, बसपाशी का आली नाही, तेही काल भांडी पुसताना निघालं. ती मशीनपाशीच बसून होती. फोटो झाला, सह्या झाल्या, सूटवाले गेले, गर्दी गेली, तरी ती माझी खुर्ची टेकवलेली ठेवून, पेला मांडीवर घेऊन, त्या दाराकडे डोळे लावून बसली. मी सांभाळ म्हटलं होतं ना. उठली आणि मी आले तर चुकामूक व्हायची, म्हणून उठली नाही. खिडकी नाही, घड्याळ नाही, बस कधीच गेली हे तिला कळलंच नाही. शेवटी एका पोरीनं येऊन सांगितलं की बाई, बाहेर अंधार पडला. मग तिला राग आला. तिचाही खरा, माझाही खरा. दोघींनी मिळून एक वाक्य बोललं असतं तर अकरा वर्षं वाचली असती, पण तू आम्हांला ओळखतेस.

तर पुन्हा लग्नाकडे येते. मी गर्दीतून वाट काढत गेले. दोनदा अडखळले. खुर्चीपाशी पोचले, आणि पाहिलं तर तिच्यावर माझा पेला होता. तोच. लाल लोकर विटून गुलाबी झालेली, आत नाणी तशीच. मी बोटानं ती लोकर चाचपून पाहिली.

लवॉननं मान वर केली नाही. पेला उचलून माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि खुर्ची सरळ केली.

"लगेच येते म्हणाली होतीस," ती म्हणाली.

"भलत्याच दारानं बाहेर पडले," मी म्हटलं.

"तुला लहानपणापासून दारं कळत नाहीत. बस आता, कालवण निवतंय."

मग मी बसले.

तुझी मावशी,
अर्डिथ